सबस्क्रिप्शन की वापराप्रमाणे पैसे? दर बघण्याआधी मीटर काय मोजतं ते बघा

"वापर कमी असेल तर वापराप्रमाणे पैसे भरा, जास्त असेल तर मंथली प्लॅन घ्या." हा सल्ला इतक्या ठिकाणी वाचायला मिळतो की लोक डोळे झाकून तो पाळतात. तो अर्धवट आहे आणि छोट्या धंद्याला महागात पडतो. कमी म्हणजे किती? वापर कशाचा? आणि तो बाराही महिने सारखा असतो का? याची उत्तरं हातात नसताना दोन दरपत्रकं शेजारी ठेवून काहीच कळत नाही. क्लासेस, दवाखाने, सीएंची ऑफिसं, दुकानं यांच्यासाठी मी हे हिशेब वर्षानुवर्षं करून देतोय. ज्या क्रमाने करतो, तोच इथे लिहितो.

सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं ते ठरलंय, ट्रायल वापरून झालीय, असं धरून चालतो. प्रश्न फक्त पैसे कुठल्या पद्धतीने भरायचे एवढाच आहे.

१. वापरणारा माणूस आहे की प्रोग्रॅम, ते ठरवा

समोर बसून माणूस वापरणार असेल, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, ई-मेल, डिझाइनचं सॉफ्टवेअर, तर ठरावीक रकमेचा प्लॅन घ्या. माणसाचे तास मर्यादित असतात, त्यामुळे वापरालाही मर्यादा असते. शिवाय प्रत्येक क्लिकला पैसे पडतात हे कळलं की स्टाफ सॉफ्टवेअर उघडायलाच कचरतो. रोजची नोंद रोज होण्याऐवजी आठवड्यातून एकदा होऊ लागते आणि ज्यासाठी ते घेतलं तो उद्देशच बुडतो.

प्रोग्रॅम आपोआप वापरणार असेल, म्हणजे एसएमएस पाठवणं, फाइल साठवणं, सर्व्हर चालवणं, एआयकडून कागद वाचून घेणं, तर वापराप्रमाणे पैसे भरायचा विचार करा. पण पुढच्या पायऱ्या पूर्ण केल्याशिवाय कार्ड नंबर टाकू नका.

तिसरा मार्गही असतो, तो विसरू नका. टॅलीप्राइमसारखं हिशेबाचं सॉफ्टवेअर कायमच्या लायसन्सवर मिळतं आणि भाड्यानेही मिळतं. कायमचं घेतलं तरी अपडेटसाठी दरवर्षी रिन्यूअल भरावं लागतं, हे मात्र हिशेबात धरा.

२. मीटर नक्की काय मोजतं ते शोधा

सगळं इथे अडतं. मलाही ही पायरी नीट जमायला बराच वेळ लागला, कारण दरपत्रकात एकक ठळक अक्षरात असतं आणि त्याची व्याख्या कुठेतरी खाली बारीक अक्षरात. "प्रति एसएमएस इतके पैसे" असं वाचून आपण समजतो की एक निरोप म्हणजे एक एसएमएस. मराठीत लिहिणाऱ्यासाठी हे जवळजवळ कधीच खरं नसतं.

नुसत्या इंग्रजी अक्षरांचा एक एसएमएस १६० अक्षरांपर्यंत जातो. देवनागरीतला ७० अक्षरांपर्यंतच. त्यापेक्षा मोठा झाला की त्याचे तुकडे होतात, आणि जोडणीच्या माहितीला जागा लागते म्हणून प्रत्येक तुकड्यात ६७ अक्षरंच मावतात. पैसे तुकड्याचे लागतात. आणि अक्षर म्हणजे आपल्याला दिसतं ते अक्षर नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, उकार, जोडाक्षरातली हलन्ताची खूण, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. "शुल्क" हा शब्द मशीनच्या लेखी पाच अक्षरांचा आहे.

आता एखाद्या क्लासचा नेहमीचा निरोप घ्या: "नमस्कार, आपल्या पाल्याचे जून महिन्याचे शुल्क अद्याप जमा झालेले नाही." स्पेस आणि पूर्णविराम धरून ही ६८ अक्षरं झाली. एका एसएमएसची जागा इथेच संपली. त्यापुढे "कृपया १० तारखेपूर्वी भरावे." जोडलं की ९६, म्हणजे दोन तुकडे. खाली क्लासचं नाव, शाखा आणि फोन नंबर आला की १३४ ओलांडले, म्हणजे तीन. मालक म्हणतो दोनशे पालकांना दोनशे एसएमएस. मीटर म्हणतं सहाशे.

यावर "मग इंग्रजीत पाठवा" असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. गावाकडच्या पालकाला जो निरोप वाचता येत नाही, तो फुकट असला तरी वाया गेला. मराठीतच लिहा, पण मायना काढा, नाव आखूड करा आणि दोन तुकड्यांत बसवा. इंग्रजीत पाठवत असाल तर आणखी एक सावधगिरी घ्या. ₹ ही खूण इंग्रजी एसएमएसच्या मूळ अक्षरसंचात नाही. ती एकदा आली की सगळा संदेश ७० च्या मापात जातो, त्यामुळे रुपये रोमन अक्षरांत लिहा.

हीच गोष्ट एआयच्या सेवांना लागू आहे. तिथे टोकन, म्हणजे मजकुराचे छोटे तुकडे, मोजतात, आणि तोच मजकूर मराठीत असेल तर साधारणपणे इंग्रजीपेक्षा जास्त टोकन पडतात. तुम्ही विचारलेलंही मोजलं जातं आणि एआयने दिलेलं उत्तरही, आणि उत्तराचा दर सहसा चढा असतो. म्हणून कंपनीच्या पानावरचा इंग्रजी नमुना बघून खर्च काढू नका. स्वतःचे खरे मराठी कागद टाका आणि किती टोकन लागले ते बघा. चॅटजीपीटीचं मासिक सबस्क्रिप्शन घेतलं की त्याचा एपीआयही (आपल्या प्रोग्रॅममधून तो वापरायची सोय) त्यातच आला, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. एपीआयचं बिल वेगळं येतं.

एकक बदलूही शकतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या बिझनेस प्लॅटफॉर्मवर आधी २४ तासांच्या संभाषणाप्रमाणे आकार लागायचा. १ जुलै २०२५ पासून टेम्प्लेट (आधी मंजूर करून घेतलेल्या साच्यातल्या) संदेशांचा आकार प्रत्येक पोचलेल्या संदेशामागे लागू झाला. जुन्या पद्धतीवर बेतलेला हिशेब त्या दिवशी निकामी झाला. त्यामुळे कोणी दोन वर्षांपूर्वीचा तक्ता दाखवून "आम्हाला एवढंच पडतं" म्हणालं, तर तो तक्ता बाजूला ठेवा.

आणि मीटर एकच असेल असं समजू नका. अ‍ॅमेझॉनने २००६ साली साठवणुकीची एस-थ्री आणि सर्व्हरची ईसी-टू या सेवा सुरू केल्या, तेव्हापासून "जेवढं वापराल तेवढंच भरा" हे वाक्य घरोघरी पोचलं. पण ईसी-टूचं मशीन बंद केलं तरी त्याला जोडलेली डिस्क पैसे खात राहते. फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही-फोर पत्त्यालाही (इंटरनेटवर मशीन शोधायच्या क्रमांकालाही) तासाला अर्धा सेंट लागतो. डेटा बाहेर काढायचा आकार वेगळाच. मशीन, डिस्क, पत्ता, वाहतूक अशी चार मीटरं एकाच वेळी फिरत असतात. वापरत नसाल तेव्हा काय काय चालू राहतं, हा प्रश्न विक्री प्रतिनिधीला लेखी विचारा. ज्याला उत्तर देता येत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

३. सरासरी काढू नका, बारा महिने लिहा

एककं कळली की कागदावर बारा ओळी आखा आणि महिन्यापुढे आकडा लिहा. सरासरी फसवते, ती कशी ते वरच्याच क्लासवरून दाखवतो. दर सोपे जावेत म्हणून गोल घेतले आहेत.

मंथली प्लॅन १५०० रुपये, त्यात ५००० एसएमएस, वरच्याला ४० पैसे. वापराप्रमाणे घेतलं तर सरळ ३० पैसे. दोनशे पालक, एरवी महिन्याला चार निरोप, प्रत्येकी तीन तुकडे, म्हणजे २४०० एसएमएस. असे नऊ महिने. जूनमध्ये प्रवेश आणि फेब्रुवारीत परीक्षा, तेव्हा वीस-वीस निरोप जातात, म्हणजे १२,००० एसएमएस. मे महिना रिकामा. वर्षाचे झाले ४५,६००.

सरासरी काढली तर महिन्याला ३८०० येतात. प्लॅनमध्ये ५००० मिळतात, मग मालक खूश होतो आणि वर्षाचे १८,००० धरतो. प्रत्यक्षात जून आणि फेब्रुवारीत सात-सात हजार एसएमएस वर जातात, त्याचे ५६०० रुपये पडतात आणि बिल २३,६०० वर पोचतं. उरलेल्या महिन्यांत न वापरलेले एसएमएस पुढे ढकलले जात नाहीत, मे महिन्याचे १५०० तर सरळ पाण्यात. वापराप्रमाणे भरले असते तर वर्षाचे १३,६८० झाले असते.

पण हाच मालक "एक निरोप म्हणजे एक एसएमएस" धरून बसला असता, तर वापराप्रमाणे ४५६० रुपयेच लागतील असं समजून चालला असता आणि तिप्पट बिल बघून सेवेवर भडकला असता. दुसरी पायरी गाळून तिसरीवर उडी मारू नका, असं मी म्हणतो ते यासाठीच.

ज्यांचा आकडा बाराही महिने साधारण सारखा राहतो, उदाहरणार्थ रोज ठरावीक रिपोर्ट पाठवणारी पॅथॉलॉजी लॅब, त्यांनी बिनधास्त प्लॅन घ्यावा. ज्यांचा आकडा सणासारखा वर्षातून दोनदाच येतो, त्यांनी घेऊ नये. मागचा रेकॉर्डच नसेल तर पहिले तीन महिने वापराप्रमाणे भरा, त्यातला एक महिना गर्दीचा असेल असं बघा आणि मग ठरवा.

४. जीएसटी धरा

१८ टक्के. तुम्हाला इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला जीएसटी स्वतःच्या जीएसटीतून वळता करणं) मिळत असेल तर जीएसटी वगळून तुलना करा, नसेल तर धरून.

५. वरची मर्यादा घाला

वापराप्रमाणे भरायचं ठरलं, तर ही पायरी पहिल्या दिवशीच करा. आणि एक गोष्ट पक्की समजून घ्या: बजेट अलर्ट म्हणजे मर्यादा नव्हे. गूगल क्लाउडवर किंवा अ‍ॅमेझॉनवर तुम्ही पाच हजारांचं बजेट लावलं आणि खर्च तिथे पोचला, तर तुम्हाला ई-मेल येतो, एवढंच. सेवा आपणहून बंद पडत नाही. शिवाय खर्चाचा आकडा काही तास मागे असतो. शनिवारी रात्री एखादा प्रोग्रॅम चक्रात अडकून तेच काम पुन्हा पुन्हा करत राहिला, तर सोमवारी ई-मेल उघडेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

म्हणून माझा आग्रह प्रीपेडचा. आधी पैसे भरा, संपले की सेवा थांबू द्या आणि ऑटो-रिचार्जचं बटण बंद ठेवा. सेवा थांबली तर गैरसोय होईल, पण ती एका दिवसाची असेल. बिलाला मर्यादा नसते. क्रेडिटला मुदत असते, तेवढी तपासा आणि "स्वस्त पडतं" म्हणून वर्षभराचं क्रेडिट एकदम भरू नका. प्रीपेडची सोयच नसेल, तर प्रत्येक कामाला रोजची कमाल संख्या घालायला सांगा. डेव्हलपर "नंतर करू" म्हणाला तर आधी ते, मग बाकीचं.

६. सबस्क्रिप्शन घेत असाल तर बाहेर पडायची वाट बघून ठेवा

"वार्षिक, पैसे दरमहा" हा प्लॅन मासिक नसतो. तो वर्षभराचा करार असतो. अ‍ॅडोबी या डिझाइन-सॉफ्टवेअर कंपनीच्या अशा प्लॅनमध्ये १४ दिवसांनंतर रद्द केलं तर उरलेल्या महिन्यांच्या रकमेच्या निम्मे पैसे आकारले जायचे. ही अट ग्राहकांपासून लपवली गेली असा आरोप करत अमेरिकेच्या न्याय विभागाने फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या सांगण्यावरून जून २०२४ मध्ये कंपनीवर दावा लावला. गूगल वर्कस्पेसच्या (ई-मेल आणि ऑफिसच्या कामाची गूगलची सेवा) वार्षिक प्लॅनमध्ये युजर वाढवता येतात, पण मुदत संपेपर्यंत कमी करता येत नाहीत. फ्लेक्सिबल प्लॅनमध्ये दर जास्त, पण कमी-जास्त करायची मोकळीक. स्टाफ वारंवार बदलत असेल तर फ्लेक्सिबल घ्या. स्थिर माणसांपुरतं वार्षिक घेतलं तरच त्यातली सवलत खरी.

डेटा कुठल्या स्वरूपात बाहेर काढता येतो ते ट्रायलमध्येच काढून बघा. फाइल एक्सेलमध्ये उघडली आणि मराठी नावं नीट दिसली, तर पुढे जा.

७. पैसे भरा

कार्डावरच्या आपोआप कपातीसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहेत. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी, आणि सॉफ्टवेअरच्या सबस्क्रिप्शनला १५,००० रुपयांच्या वर असेल तर प्रत्येक वेळी ओटीपी लागतो. ती सूचना ज्या फोनवर येते तो फोन मालकाचा असू द्या, नोकरी सोडून जाऊ शकणाऱ्या माणसाचा नको. यूपीआय ऑटोपे केलं असेल तर मॅन्डेट (आपोआप पैसे कापायची परवानगी) यूपीआय अ‍ॅपमधून रद्द होतं. सॉफ्टवेअरचं खातं बंद केलंत की मॅन्डेटच्या यादीत जाऊन तेही बंद झालंय का ते लगेच बघा.