तोरण्यावरचे आकाश आणि सावलीतली दरी : ब्रॅकेटिंग व रंगसंतुलन कसे साधावे

डिसेंबर-जानेवारीत सिंहगडावरून सूर्यास्त पाहिला, तर सूर्य बराच नैर्ऋत्येला सरकलेला असतो आणि तोरण्याच्या बाजूला मावळतो. त्या वेळी ढगांच्या कडा लख्ख पेटलेल्या असतात आणि राजगडाकडे उतरत गेलेल्या डोंगररांगांच्या अलीकडच्या कुशी गडद सावलीत बुडालेल्या असतात. आपल्या डोळ्यांना दोन्ही गोष्टी दिसतात, पण कॅमेऱ्याला एका फ्रेममध्ये दोन्ही पेलत नाहीत. आकाश सांभाळावे तर दरी काळीठिक्कर होते आणि दरी उजळावी तर आकाश पांढरेफटक पडते. यावरचा रूढ उपाय म्हणजे एकाच दृश्याच्या कमी-अधिक प्रकाशाच्या फ्रेम घेऊन त्या नंतर एकत्र करणे, म्हणजेच एक्स्पोजर ब्रॅकेटिंग.

ब्रॅकेटिंग आणि रंगसंतुलन हे दोन वेगळे धडे म्हणून शिकवले जातात, पण निसर्गचित्रणात ते एकच काम आहे असे माझे ठाम मत आहे. नारिंगी आकाशात सेन्सरची लाल वाहिनी (लाल, हिरवा आणि निळा रंग वेगवेगळे नोंदवणाऱ्या तीन वाहिन्यांपैकी एक) सर्वांत आधी भरते. ती काठोकाठ भरल्यावरही हिरवी वाहिनी वाढतच राहते, त्यामुळे नारिंगी रंग आधी पिवळा पडतो आणि शेवटी पांढरा होतो. सावलीच्या टोकाला याच्या उलट घडते. तिथे मुळात प्रकाशच इतका थोडा पोचलेला असतो की संगणकावर तो भाग उजळताच त्यात नॉइज (दाणेदारपणा) दिसू लागतो आणि करड्या कातळावर जांभळे-हिरवे डाग उमटतात. म्हणजे कमी प्रकाशाची फ्रेम आपण ढगांचा रंग वाचवण्यासाठी घेतो आणि जास्त प्रकाशाची फ्रेम सावलीतला रंग स्वच्छ मिळावा म्हणून घेतो. हे एकदा लक्षात आले की किती फ्रेम घ्याव्यात आणि त्यांच्यात किती अंतर ठेवावे, हे ठरवणे सोपे जाते.

प्रत्येक ठिकाणी ब्रॅकेटिंगची गरज नसते. पावसाळ्यात ताम्हिणी घाटात धुके उतरलेले असताना दृश्यातला सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद भाग यांत फारसा फरक नसतो, आणि आजचे चांगले सेन्सर मूळ आयएसओवर (प्रकाशसंवेदनशीलतेच्या मूळ पातळीवर) साधारण १२ ते १४ स्टॉपचा पल्ला (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) एका रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या प्रक्रिया न केलेल्या नोंदीत, सामावून घेतात. अशा वेळी नीट मोजलेली एकच फ्रेम पुरते. सूर्य चौकटीत किंवा चौकटीच्या कडेला असेल, ढग फाटून ऊन एकाच उतारावर पडले असेल, किंवा बुरुजाच्या कमानीतून बाहेरचे उजळ खोरे टिपायचे असेल, तेव्हा मात्र ब्रॅकेटिंगला पर्याय नाही. अर्धी काच गडद असलेला ग्रॅज्युएटेड फिल्टर समुद्रकिनारी उत्तम चालतो, कारण तिथे क्षितिज सरळ असते. सह्याद्रीत क्षितिजाच्या वर डोकावणारे बालेकिल्ले आणि सुळकेही त्या फिल्टरखाली येऊन काळे पडतात, म्हणून इथे मी ब्रॅकेटिंगलाच पसंती देतो.

ही कल्पना डिजिटल कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीची आहे. १८५०च्या दशकात फ्रेंच छायाचित्रकार ग्युस्ताव्ह ल ग्रे याने आपल्या काही समुद्रचित्रांसाठी आकाशाची आणि पाण्याची वेगवेगळी निगेटिव्ह एकत्र करून छापली. त्या काळचे रसायन निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असल्यामुळे आकाश जळून जात असे. म्हणजे तेव्हाही अडचणीचे मूळ रंगातच होते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवावा. गडाच्या कड्यावर वारा असतो, म्हणून मधला दांडा वर न काढता पाय रुंद पसरावेत आणि ट्रायपॉडला हुक असेल तर त्याला पाठपिशवी अशी अडकवावी की ती झुलणार नाही. फाइल रॉ स्वरूपात ठेवावी. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक वाहिनीला १६,३८४ पायऱ्या मिळतात, तर जेपेगमध्ये केवळ २५६ मिळतात. आयएसओ १०० आणि अ‍ॅपर्चर (भिंगाच्या छिद्राचा आकार) एफ/८ ते एफ/११ ठेवावे. फोकस एकदा नक्की करून मॅन्युअलवर टाकावा, नाहीतर दोन फ्रेमच्या मध्ये कॅमेरा पुन्हा फोकस शोधू शकतो. ब्रॅकेटिंगमध्ये फक्त शटरचा वेग बदलला पाहिजे. अ‍ॅपर्चर बदलले तर फ्रेमागणिक स्पष्टतेची खोली बदलते आणि आयएसओ बदलला तर नॉइज बदलतो. म्हणून कॅमेरा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी किंवा मॅन्युअल मोडवर ठेवावा आणि ऑटो आयएसओ आठवणीने बंद करावा.

फ्रेममधले अंतर अंदाजाने न ठरवता मोजून ठरवावे. समजा, एफ/८ आणि आयएसओ १०० वर स्पॉट मीटरने (दृश्याच्या लहानशा भागाचा प्रकाश मोजणाऱ्या मापकाने) पेटलेल्या ढगाचे माप १/१००० सेकंद आले आणि सावलीतल्या दरीचे १/४ सेकंद आले. दोन्हींत ८ स्टॉपचे अंतर झाले. या दोहोंच्या बरोबर मध्ये १/६० येतो. तो मध्य धरून दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन फ्रेम घेतल्या, तर १/२५०, १/६० आणि १/१५ असे वेग मिळतील. यातल्या सर्वांत गडद फ्रेममध्येही ढग मध्यम करड्याच्या (मीटर ज्या उजेडाला मध्य धरतो त्याच्या) दोन स्टॉप वर राहतो, म्हणजे त्याची लाल वाहिनी अगदी काठावर येते. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरचे माप कमी-अधिक करण्याची सोय) उणे एकवर न्यावे, म्हणजे १/५००, १/१२५ आणि १/३० असे वेग मिळतात. आता ढगाचा रंग सुरक्षित राहतो. दरी सर्वांत उजळ फ्रेममध्येही तीन स्टॉप खालीच राहते, पण सायंकाळची दरी गडद दिसलीच पाहिजे, त्यामुळे त्यात काही बिघडत नाही. दरीतली झाडी पाने मोजता येतील इतकी उजळ हवी असेल, तरच १/१००० पासून १/४ पर्यंत पाच फ्रेम घ्याव्यात.

शटर बोटाने न दाबता २ सेकंदांचा टायमर किंवा रिमोट वापरावा. टायमरवर अनेक कॅमेरे संपूर्ण मालिका सलग घेतात. आपला कॅमेरा तसे करतो की प्रत्येक फ्रेमला पुन्हा शटर दाबावे लागते, हे घरीच तपासून घ्यावे, कारण उतरत्या उन्हात मेनू चाळत बसायला वेळ नसतो.

मालिका घेतल्यावर हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेडाच्या वाटणीचा आलेख) पाहावा, आणि तो तिन्ही रंगांचा स्वतंत्र आलेख दाखवणारा असावा. एकत्रित पांढरा आलेख व्यवस्थित दिसत असतानाही लाल वाहिनी उजव्या भिंतीला टेकलेली असू शकते. शिवाय हा आलेख रॉ फाइलवरून न बनता पडद्यावरच्या जेपेगवरून बनतो, त्यामुळे व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातले रंगसंतुलन) शेड या सावलीसाठीच्या पर्यायावर ठेवला तर लाल वाहिनी प्रत्यक्षापेक्षा अधिक भरलेली दिसते. गडद फ्रेमचा लाल आलेख उजव्या कडेपासून थोडा अलीकडे थांबला पाहिजे. सूर्यबिंब स्वतः जळणारच, त्याची चिंता करू नये.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नये. ऑटो पद्धत सोनेरी ऊन हा दोष समजून ते पुसायला पाहते, आणि मालिकेतल्या तीन फ्रेमना तीन वेगळ्या छटाही देऊ शकते. डेलाइट, म्हणजे साधारण ५२०० ते ५५०० केल्विन (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचे माप), हा माझा पाया असतो. ढगाळ प्रकाश ६००० ते ६५०० केल्विनच्या आसपास असतो आणि निरभ्र आकाशाखालची सावली ७००० ते ८००० पर्यंत जाते. अशा सावलीत खरोखरच निळा प्रकाश असतो, कारण तिथे सूर्य पोचत नाही, केवळ आकाश पोचते. नवशिक्यांचा गोंधळ होतो तो एवढ्यासाठी की केल्विनचा आकडा वाढेल तसा मूळ प्रकाश निळा होत जातो, पण कॅमेऱ्यात तोच आकडा वाढवला की चित्र पिवळे होते. कॅमेरा त्या निळेपणाची भरपाई करत असतो.

व्हाइट बॅलन्सचे माप घेण्यासाठी तटस्थ करडे कार्ड जवळ असणे केव्हाही चांगले, पण ते कुठे धरायचे हा खरा प्रश्न आहे. कार्ड बुरुजाच्या सावलीत धरून माप घेतले, तर सावली तटस्थ होते आणि उन्हातला उतार भडक केशरी होतो. उन्हात धरले तर सायंकाळचे सोनेच नाहीसे होते. ऊन आणि सावली यांच्या रंगांतला फरक हाच त्या वेळेचा प्राण असतो. तो फरक राखायचा आणि संपूर्ण चित्र किती उबदार दिसावे एवढेच आपण ठरवायचे. कार्ड नसेल तर गडाच्या कातळावर ड्रॉपर (सॉफ्टवेअरमधले तटस्थ रंग निवडायचे साधन) टेकवण्याचा मोह होतो. बेसॉल्ट करडा दिसतो खरा, पण त्यावर दगडफूल आणि शेवाळ असते, तांबडी माती बसलेली असते आणि ओला झाला की तो आकाशाची निळाई परावर्तित करतो. त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

केल्विनच्या जोडीला हिरवा-मजेंटा असा दुसरा अक्ष असतो, आणि पावसाळ्यात तोच महत्त्वाचा ठरतो. ताम्हिणीच्या दाट झाडीखाली प्रकाश पानांतून गाळून येतो, त्यामुळे दगड आणि धबधब्याचा फेसही हिरवट दिसतो. तिथे टिंट (या दुसऱ्या अक्षाचा आकडा) मजेंटाकडे किंचित सरकवावा आणि नजर फेसावर ठेवावी. फेस गुलाबी झाला की आपण जास्त पुढे गेलो. हिवाळ्याच्या सकाळी पुण्यातल्या वेताळ टेकडीवरून शहराकडे पाहताना अडचण वेगळी असते. जमिनीलगतची थंड हवा वर न उठल्यामुळे धूळ आणि धूर खाली अडकून मातकट थर दिसतो, आणि त्यावर निळसर आकाश असते. डिहेझचा (धूसरपणा कमी करणाऱ्या साधनाचा) वापर तिथे हात राखूनच करावा, कारण तो कॉन्ट्रास्टबरोबर रंगही भडक करतो आणि एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या टेकड्यांची खोली नाहीशी करतो.

फ्रेम एकत्र करण्याचे दोन मार्ग आहेत. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये रॉ फाइलींपासून एचडीआर डीएनजी (सर्व फ्रेमचा उजेडाचा पल्ला सामावणारी रॉसारखी एकच फाइल) तयार होते आणि तिच्यात व्हाइट बॅलन्स नंतरही मोकळेपणाने बदलता येतो. दुसरा मार्ग एक्स्पोजर फ्यूजनचा. ही पद्धत २००७ साली मर्टेन्स, काउट्झ आणि व्हॅन रीथ यांनी मांडली आणि एन्फ्यूज हे मोफत सॉफ्टवेअर तिच्यावर आधारलेले आहे. ती प्रत्येक फ्रेममधला योग्य उजेडाचा, स्पष्ट आणि रंगभरला भाग निवडून जोडते, त्यामुळे परिणाम बहुधा अधिक नैसर्गिक दिसतो. मात्र ती टिफसारख्या तयार चित्रांवर चालते, म्हणून तिच्याआधीच सर्व फ्रेमचा केल्विन आणि टिंट आकड्यानिशी एकसारखा करून घ्यावा. तसे केले नाही तर ढगांच्या कडेला आणि डोंगराच्या माथ्यावर रंगाची पट्टी उमटते आणि ती नंतर काढणे जिकिरीचे होते.

वाऱ्याने हललेले गवत आणि सरकलेले ढग दोन-दोनदा उमटत असतील, तर डीघोस्ट पर्याय कमीत कमी पातळीवर वापरावा. पुढचे गवत फारच हलले असेल, तर तेवढा भाग मास्क लावून एकाच फ्रेममधून घेणे उत्तम. खडकवासल्याच्या पाण्यात आकाशाचे प्रतिबिंब घेतले असेल, तर ते आकाशाइतके उजळू नये. पाणी काही प्रकाश गिळते, त्यामुळे प्रतिबिंब नेहमी मूळ आकाशापेक्षा गडद असते. हा क्रम उलटला की चित्र कुठेतरी खोटे वाटते, भले पाहणाऱ्याला कारण सांगता येवो वा न येवो.

रंगाचे शेवटचे निर्णय पिवळ्या बल्बच्या उजेडात घेऊ नयेत, कारण डोळे त्या उजेडाला सरावतात आणि पडदा उगाच निळा भासतो. पडद्याचा शुभ्रबिंदू ६५०० केल्विनवर ठेवून, नाइट मोड बंद करून काम करावे. आंतरजालावर देण्यासाठी एसआरजीबी रंगपट निवडावा. छपाईसाठी मात्र आधी लहान नमुना काढावा, कारण पडदा स्वतः प्रकाश देतो आणि कागद देत नाही, त्यामुळे सावलीतली दरी कागदावर बहुधा गडद येते आणि तेवढाच भाग थोडा उजळून पुन्हा छापावा लागतो.