‘गूढ’ लिहिण्याआधी

इंग्रजीतून मराठीत अनुवाद करायला लागून चार-सहा महिने झाले असतील, तर ‘एनिग्मॅटिक’ हा शब्द तुम्हाला भेटला असेलच. व्यक्तिचित्रात, मृत्युलेखात, सिनेमाच्या परीक्षणात. आणि तिथे तुम्ही ‘गूढ’ लिहून पुढे गेला असाल. मीही तेच करायचे. त्याचा त्रास एका घराला झाला, म्हणून हे लिहितेय.

माझं कामाचं दुसरं वर्ष. एका निवृत्त शिक्षिकेच्या निधनानंतर विद्यार्थ्यांनी स्मरणिका काढली. परदेशात स्थायिक झालेल्या एकाचा इंग्रजी लेख माझ्याकडे आला. बाई फार कमी बोलायच्या, चेहऱ्यावर काही दिसू द्यायच्या नाहीत, पण वर्गात कुणाची फी थकली की ती गुपचूप भरली जायची. असा जीव लावून लिहिलेला लेख. शेवटी, बाई आमच्यासाठी एनिग्मॅटिकच राहिल्या, अशा अर्थाचं वाक्य. मी लिहिलं, ‘बाई आम्हाला शेवटपर्यंत गूढच राहिल्या.’ छापून आलं. आठवड्याभरात त्यांच्या मुलीचा फोन आला. ती चिडली नव्हती. एवढंच म्हणाली, ‘आईचं असं काय गूढ होतं हो?’ मला उत्तर देता आलं नाही.

चूक नेमकी कुठे झाली, ते सावकाश सांगते, कारण तुम्हीही इथेच अडकणार आहात.

शब्दकोश चुकला नव्हता. ‘गूढ’ संस्कृतातल्या ‘गुह्’ धातूपासून आला. गुहा आणि गुह्य त्याच घरातले. अर्थ, लपवलेलं. ‘एनिग्मॅटिक’च्या मुळाशी मात्र ग्रीक भाषेतलं कोडं आहे. कोडं समोर मांडलेलं असतं, सुटत नाही इतकंच. लपवलेलं म्हटलं की लपवणारा आला, आणि लपवण्यामागचं कारणही आलं. त्यात आपल्या वर्तमानपत्रांनी या शब्दाला कायमची सोबत दिली आहे: गूढ मृत्यू, गूढ आवाज, गूढरीत्या बेपत्ता, खुनाचं गूढ उकललं. हे वाचत मोठा झालेला वाचक ‘गूढ बाई’ वाचून आधी संशय घेणार. दोष त्याचा नाही.

हे झालं अर्धं. उरलेलं अर्धं कळायला मला आणखी दोन वर्षं लागली. इंग्रजीने तो गुण माणसाला चिकटवला होता. आपण मराठीत बोलताना ही गोष्ट बघणाऱ्याच्या बाजूने सांगतो. ‘त्याचा थांग लागत नाही.’ ‘तिच्या मनाचा ठाव लागत नाही.’ थांग आणि ठाव, दोन्ही पाण्याच्या तळाचे शब्द. पाय टेकले नाहीत यात विहिरीचा काय अपराध? वेड्यावाकड्या अक्षरातलं पत्र आलं की माझी आजी ‘अक्षर लागत नाही’ म्हणायची. कविता कळली नाही की ‘अर्थ लागत नाही’. सगळीकडे एकच क्रियापद, ‘लागणे’. कमी पडतो तो आपण, समोरच्यावर काही आळ येत नाही. विशेषणाच्या जागी विशेषणच शोधत बसलात, तर ही वाट कधीच दिसणार नाही. स्मरणिकेच्या माझ्या प्रतीत मी नंतर पेन्सिलीने लिहून ठेवलं: ‘बाईंच्या मनाचा ठाव आम्हाला कधी लागला नाही.’ त्या विद्यार्थ्याला हेच म्हणायचं होतं.

म्हणून ‘गूढ’ला घाबरू नका, तो सुंदर शब्द आहे. मोनालिसाचं स्मित गूढच. मात्र त्या बाईला गूढ म्हणू नका. ती फ्लॉरेन्समधल्या रेशीम व्यापाऱ्याची बायको, लिसा गेरार्दिनी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. लिओनार्दो तिचं चित्र काढतोय अशी १५०३ सालची, पुस्तकाच्या समासात लिहिलेली नोंद २००५ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात सापडली. बाई ओळखीची, हसू गूढ. इतकं बारीक बघायची सवय लावा.

बाबूराव अर्नाळकरांनी लिहिल्या त्या रहस्यकथा, रत्नाकर मतकरींनी लिहिल्या त्या गूढकथा. रहस्य शेवटच्या पानापर्यंत उलगडावंच लागतं, गूढ उरलं तरी चालतं. ‘दुर्बोध’ ही तक्रार आहे. मर्ढेकरांच्या कवितेवर ती झाली होती. लेखकाला स्तुती करायची असेल तर तो शब्द चालणार नाही. ‘आतल्या गाठीचा’ आणि ‘घुमा’ हे तर सरळ दूषण देणारे शब्द, प्रेमाच्या मजकुरात ते आणूच नका.

‘मोडी ही गूढ लिपी’ असं वाचलं की मला खरोखर राग येतो. मोडी शिकवली जाते, लोक ती वाचतात, २०१४ पासून युनिकोडमध्ये तिला जागा आहे. आपण शिकलो नाही म्हणून ती गूढ होत नाही. सिंधू लिपीचं तसं नाही. तिचे लेख सरासरी पाचेक चिन्हांचे, शेजारी ओळखीच्या भाषेतला मजकूर असलेला एकही लेख हाती नाही, म्हणून ती अजून कुणालाच खात्रीने लागलेली नाही. तिथेही ‘न उलगडलेली’ हे जास्त खरं.

समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करायला लावणाऱ्या गुरूंपासून लांब राहा. त्या यादीतला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी जसाच्या तसा बसत नाही. आणि मशीनने केलेला अनुवाद दुरुस्त करून शिकू, हा विचार पहिली दोन वर्षं तरी सोडा. विशेषण आयतं समोर आलं की क्रियापद सुचतच नाही. मला सुधारलं ते एका वयस्कर मुद्रितशोधकांनी. ते लाल रेघ मारायचे नाहीत. वाक्यावर बोट ठेवून विचारायचे, ‘हे घरी कसं म्हणशील?’ असं विचारणारं माणूस मिळालं तर कमी पैशांतही त्याच्याजवळ टिकून राहा.

शीर्षकात जागा नसते आणि संपादकाला विशेषणच हवं असतं, असं होईल. तेव्हा माणूस नुसता कमी बोलणारा असेल तर ‘अबोल’ द्या. स्वतःबद्दल ताकास तूर लागू न देणारा असेल, तर मजकुरात तेच लिहा आणि शीर्षकातून विशेषण काढून टाकायची परवानगी मागा. मी मागते. बहुतेक वेळा मिळते.