मृत्युपत्र पाडायला निघालात? लग्नाविना संसार केलेल्यांनी या चुका टाळा

तेरवी होते, पाहुणे पांगतात आणि कुणीतरी मृत्युपत्राची झेरॉक्स पुढे सरकवतं. जोडीदारासोबत वीस वर्षं काढली, लग्न तेवढं केलं नाही. आता कागदावर तुमच्या नावे पाच लाखांची एफडी, मनीषनगरचा फ्लॅट त्याच्या पुतण्यांना. राग येणारच. त्याच रागात सिव्हिल लाइन्सला वकील गाठून ‘हे मृत्युपत्रच खोटं’ असा दावा ठोकला जातो. सगळ्यात महाग चूक हीच.

मृत्युपत्र रद्द झालं तर मालमत्ता जाते कुठे? आधीचं वैध मृत्युपत्र असेल तर त्याप्रमाणे, नसेल तर वारसा कायद्याप्रमाणे. हिंदू वारसा कायदा, 1956 मध्ये विधवा पहिल्या वर्गात आहे; लग्न न झालेल्या जोडीदाराचं नाव कुठेच नाही. मुलं नाहीत, आई-वडील नाहीत, भावंडंही गेलेली, तर पुतण्यांपर्यंत वारसा पोचतो. म्हणजे खटला तुम्ही जिंकलात आणि एफडीही त्यांचीच झाली! आधीच्या मृत्युपत्रात तुम्हाला जास्त दिलं असेल, तर मात्र नंतरचं पाडण्यात अर्थ आहे.

दुसरी वाट म्हणजे ‘आम्ही नवरा-बायकोच होतो’. दीर्घ सहवासावरून लग्न झाल्याचं गृहीत धरता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये पन्नास वर्षांच्या सहवासाच्या प्रकरणात म्हटलं, 2015 मध्येही तोच सूर लावला. पण ते गृहीतक खोडता येतं. दोघांपैकी एकाचाही आधीचा जोडीदार हयात आणि घटस्फोट नाही, तर विषय संपला. शिवाय लग्न सिद्ध झालं तरी स्वकमाईची मालमत्ता माणूस बायकोला वगळूनही देऊ शकतो. थोडक्यात, लग्न सिद्ध करणं आणि मृत्युपत्र पाडणं अशी कुलुपं दोन आहेत आणि दोन्ही उघडावी लागतात.

म्हणून पहिल्या नोटिशीचा मजकूर जपून लिहा. तिथे ‘लिव्ह-इनमध्ये राहत होतो’ आणि दाव्यात ‘पत्नी’ असं झालं, की समोरचा वकील तेवढंच धरून बसतो. रेशनकार्ड, मतदार यादी, ऑपरेशनच्या संमतीपत्रावर नात्यापुढे काय लिहिलंय, हे आधी काढून बघा.

नोंदणी नाही म्हणून मृत्युपत्र बाद होत नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र लागतात. नोंदलेलं असेल तर नातेवाइकाने व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोवर विसंबू नका. करणारा वारल्यावर दुय्यम निबंधकाकडे कुणीही अर्ज करून प्रमाणित नक्कल मिळवू शकतो.

‘बँकेत नॉमिनी मीच आहे’ यावरही निर्धास्त राहू नका. नॉमिनीच्या हाती पैसे येतात, पण सहसा वारसांच्या वतीने. फ्लॅटच्या खरेदीखतात तुमचं नाव असेल, तर तुमचा हिस्सा त्याच्या मृत्युपत्रात जाऊच शकत नाही. तो वारसा नव्हे, तुमची मालकी. तिचा दावा वेगळा मांडा.

आणि चावी कुणाच्या हातात देऊ नका, बाप्पा. ‘चार दिवस माहेरी जाऊन या’ म्हणणारेच कुलूप बदलतात. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात विवाहसदृश नात्यातल्या बाईलाही एकत्र राहिलेल्या घरात राहण्याचं संरक्षण आहे. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा; बायकांना तिथे उत्पन्नाची अट नाही.