पोटातल्या बाळासाठी ताटात काय हवं?

लोकलने कामाला जाणाऱ्या गरोदर मुलींना मी आधी हेच सांगते: डब्यात मूठभर भाजलेले शेंगदाणे ठेवा. परळच्या प्रसूतिगृहात परिचारिका होते, तेव्हापासून हा माझा हट्ट आहे. ‘बाळाला अ‍ॅलर्जी होईल’ म्हणून कुणी अडवेल; पण तुम्हाला स्वतःला शेंगदाण्याचा त्रास नसेल, तर ते टाळायचं कारण नाही.

आईच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं, वारेतून बाळाकडे जातात, सर्वात जास्त शेवटच्या तिमाहीत. ती घडायला प्रथिनं लागतात. म्हणून मुगाची उसळ, अंडं, दही रोज घ्या. सोबत नाचणीची भाकरी, पालेभाजी.

मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली, नीट शिजवून. डेन्मार्कमधल्या २०१६ च्या एका अभ्यासात शेवटच्या तिमाहीत माशाच्या तेलाच्या कॅप्सूल घेतलेल्या आयांच्या मुलांमध्ये सततची घरघर आणि दमा सुमारे एक-तृतीयांशाने कमी दिसला. कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारूनच. मोरी, सुरमई नको. त्यांत पारा जास्त असतो.

लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या. आणि स्टेशनबाहेरची कापून ठेवलेली फळं, पाणीपुरी बाळंतपणापर्यंत बंद. डोहाळे लागले तर पाणी उकळून घरीच करा.