सोसायटीतलं झेंडावंदन नीट व्हावं म्हणून: खांबापासून घडीपर्यंत

आपल्या नागपुरातल्या सोसायटीचं झेंडावंदन दहा मिनिटांत आटोपतं, पण त्याची तयारी आठवडाभर आधी सुरू करावी लागते. खांब, कप्पी, दोरी आणि झेंडा वेळेत तपासले की त्या सकाळी सगळ्यांची नजर तिरंग्यावर राहते. तपासले नाहीत, तर ती गाठ सोडवणाऱ्या माणसावर जाते. मोठी माणसं दोरीला आणि कापडाला किती जपून हात लावतात, हे मुलं बघत असतात आणि देशाचा मान त्यातून त्यांना आपोआप कळतो. म्हणून इथे बारीकसारीक गोष्टीही सांगितल्या आहेत.

झेंडा विकत घेताना

लांबी आणि रुंदीचं प्रमाण ३:२ असावंच लागतं. ठरलेल्या नऊ आकारांपैकी सोसायटीच्या कामाचे तीन: ९०० × ६०० मिमी, १३५० × ९०० मिमी आणि १८०० × १२०० मिमी. झेंड्याची लांबी खांबाच्या साधारण पाव हिश्शाएवढी असली की तो शोभतो. म्हणजे साडेतीन-चार मीटरच्या खांबाला पहिला, साडेपाच-सहा मीटरला दुसरा आणि सात-साडेसात मीटरला तिसरा.

दुकानातच झेंडा पूर्ण उघडून बघा. रुंदीच्या बाजूने तीन घड्या घातल्यावर तिन्ही पट्टे एकमेकांवर बरोबर बसले पाहिजेत. चक्र गडद निळं, पांढऱ्या पट्ट्याच्या मधोमध आणि दोन्ही बाजूंनी दिसणारं हवं. आरे मोजा, २४ भरले पाहिजेत. ऑगस्टच्या तोंडावर बाजारात येणाऱ्या स्वस्त मालात चक्र लांबट होतं, आरे कमी भरतात, नाहीतर झेंडाच चौकोनाकडे झुकलेला असतो. असा झेंडा फुकट मिळाला तरी घेऊ नका.

३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर ध्वजसंहितेत, म्हणजे राष्ट्रध्वजाच्या सरकारी नियमावलीत, हाताने किंवा यंत्राने बनवलेले सुती, पॉलिएस्टर, लोकरी, रेशमी आणि खादीचे झेंडे चालतात. आमची पसंती खादीला आहे. आपल्याच राज्यात नांदेडला खादीचे राष्ट्रध्वज तयार होतात. पण ऑगस्टमध्ये भर पावसात झेंडावंदन करायची वेळ आली तर खादी पाणी पिऊन जड होते आणि खांबाला चिकटून बसते. जमलं तर दोन झेंडे ठेवा, जानेवारीसाठी खादीचा आणि पावसाळ्यासाठी पॉलिएस्टरचा. प्लास्टिकचा झेंडा मात्र कधीच नको.

खांब, कप्पी, दोरी

नागपुरात अनेक वस्त्या काळ्या मातीवर आहेत. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वरवर गाडलेला खांब दोन पावसाळ्यांत कलतो. खड्डा काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत न्यावा. सहा मीटरच्या खांबासाठी दीड-दीड फूट रुंद आणि किमान चार फूट खोल खड्डा घ्या आणि १:२:४ प्रमाणात (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट भरा. खांबाभोवतीचा वरचा थर बाहेरच्या बाजूला उतरता ठेवा म्हणजे बुडाशी पाणी साचणार नाही. काँक्रीटवर सात दिवस पाणी मारा, त्याआधी खांबाला दोरी लावू नका. जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप खाली अडीच इंची आणि वर दोन इंची चालतो. वरचं तोंड टोपीने बंद करा, नाहीतर पाणी आत उतरून पाइप आतून गंजतो आणि बाहेरून काही कळत नाही.

जागा ठरवताना आधी वर बघा. खांबाच्या उंचीत आणखी तीन मीटर मिळवा आणि तेवढ्या अंतरात विजेची तार असेल तर दुसरी जागा शोधा. लोखंडी खांब उभा करताना किंवा उतरवताना तारेला लागून माणसं दगावतात. यात तडजोड करू नका.

कप्पी हीच खरी अडचणीची जागा. चाक झिजलं किंवा दोरी बारीक असली की दोरी चाकावरून उतरून चाक आणि पत्र्याच्या फटीत अडकते, आणि मग शिडीशिवाय इलाज नसतो. आठवडाभर आधी दोरी वर-खाली ओढून बघा. करकर आवाज आला तर तेल सोडा, अडखळली तर कप्पी बदला. दोरी ६ ते ८ मिमी जाडीची, नायलॉनची घ्या. सुती दोरी भिजली की फुगते आणि कप्पीत रुतते. लांबी खांबाच्या दुप्पट अधिक दोन मीटर ठेवा. मध्ये कुठेही जोडगाठ नको, कारण ती नेमकी कप्पीपाशी येऊन थांबते.

घडी आणि गाठ

झेंड्याच्या खांबाकडच्या कडेला जाड कापडाची पट्टी शिवलेली असते आणि तिच्यातून दोरी जाते. बहुतेक झेंड्यांना वरच्या टोकाला लाकडी गुल्ली आणि खालच्या टोकाला फास असतो. गुल्ली केशरी पट्ट्याकडे आहे ना, हे दोघांनी वेगवेगळं तपासा. झेंडा उलटा फडकतो तो बहुतेक वेळा याच ठिकाणी, कारण घडी घातल्यावर रंग दिसत नाहीत आणि घाईत टोकं बदलतात.

फुलं घालून बांधायचा असेल तर असं करा. टेबलावर स्वच्छ चादर अंथरून झेंडा पसरा. लांबीच्या दिशेने आधी अर्धा आणि मग पुन्हा अर्धा दुमडा, म्हणजे लांब पट्टी होईल. मोकळ्या टोकाकडून गुल्लीच्या बाजूकडे सैल गुंडाळत या आणि शेवटच्या दोन वेढ्यांत मूठभर पाकळ्या ठेवा. झेंड्यात पाकळ्या ठेवायला ध्वजसंहितेची हरकत नाही. शेवंती किंवा गुलाबाच्या सुट्या, कोरड्या पाकळ्या घ्या. ओल्या पाकळ्यांचा गोळा होतो, झेंडूचा रंग कापडाला लागतो, आणि अख्खं फूल आत ठेवलं तर गुंडाळी उलगडत नाही.

आता वर जाणारी दोरी गुल्लीला अडकवा आणि खाली येणारी दोरी फासाला पक्की बांधा. त्याच खालच्या दोरीचे गुंडाळीभोवती दोन वेढे घ्या आणि पुढच्या दोरीचा एक दुहेरी फेरा वेढ्याखाली खोचा. टोक ओढून घेऊ नका, फक्त फेरा खोचा. वर गेल्यावर खालून झटका दिला की फेरा निसटतो, वेढे सुटतात आणि झेंडा उघडतो. वेढे दोनापेक्षा जास्त झाले किंवा ओल्या दोरीने आवळून बांधले, तर झटक्याने गाठ उलट घट्ट होते. वर नेताना खालची दोरी सैल सोडायची असते. ती कुणी ताणून धरली तर झेंडा अर्ध्या वाटेतच उघडतो.

आदल्या संध्याकाळी हे सगळं झेंड्याच्या मापाच्या दुपट्ट्यावर करून बघा. लागोपाठ तीन वेळा बिनचूक उघडला की मगच खरा झेंडा बांधा. पाऊस असेल तर बांधलेला झेंडा रात्रभर खांबावर ठेवू नका. सकाळी, कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी वर चढवा.

दिल्लीत १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावर झेंडा खालून वर चढवला जातो, तर २६ जानेवारीला तो वरच बांधलेला असतो आणि फक्त उलगडला जातो. सोसायटीतही हा फरक पाळता आला तर मुलांना दोन्ही दिवसांचं वेगळेपण सहज कळेल. झेंडा चढवताना हात झपाझप चालवायचे, उतरवताना सावकाश.

त्या सकाळी

झेंडा उघडला की लगेच राष्ट्रगीत. पूर्ण राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागतात. सत्तर सेकंद लागत असतील तर आपण रेंगाळतो आहोत. सुरुवात खालच्या पट्टीत करा, नाहीतर शेवटच्या जयघोषाला लहान मुलांचे आणि आजोबांचे दोघांचेही आवाज फाटतात. रेकॉर्डिंग लावणार असाल तर फाइल फोनमध्ये उतरवून ठेवा आणि फोन फ्लाइट मोडवर टाका, कारण ऑनलाइन लावलं तर मध्येच जाहिरात वाजते. सगळ्यांनी झेंड्याकडे तोंड करून सावधान उभं राहायचं. गणवेशातल्या व्यक्ती सलामी देतात.

वक्ता श्रोत्यांकडे तोंड करून उभा राहिल्यावर झेंडा त्याच्या उजव्या हाताला यावा. दुसरा कुठलाही झेंडा किंवा पताका तिरंग्यापेक्षा उंच किंवा त्याच्या बरोबरीने नको. गच्चीवर सणाचे झेंडे लागलेले असतील तर आदल्या दिवशी उतरवून ठेवा. खांबाच्या टोकावर हार घालू नका, टेबलावर तिरंगा अंथरू नका. रांगोळी तिरंगी काढा, पण झेंड्याचं चित्र नको, कारण त्यावर पाय पडतोच.

झेंडा कुणाच्या हस्ते? अध्यक्षांनीच दरवर्षी दोरी धरावी असा नियम कुठेही नाही. रात्रभर गेटवर बसणारा चौकीदार, पहाटे कचरा उचलणाऱ्या ताई, बारावी झालेली मुलगी यांना मान द्या. ज्यांचं नाव ठरेल त्यांना आदल्या संध्याकाळी सरावाला बोलवा, कारण किती जोराचा झटका द्यायचा हे हातालाच कळावं लागतं.

भाषण एकच, चार मिनिटांचं ठेवा, आणि विषय आपल्याच शहराचा घ्या. १९२३ साली सिव्हिल लाइन्स या नागपुरातल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या वस्तीतून झेंडा घेऊन मिरवणूक नेणं हा इंग्रज सरकारने गुन्हा ठरवला होता. १ मेपासून नागपुरात झेंडा सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व वर्ध्याचे जमनालाल बजाज करत होते. त्यांना अटक झाल्यावर सूत्रं वल्लभभाई पटेलांनी हाती घेतली. देशाच्या कानाकोपऱ्यातून स्वयंसेवक येत राहिले, तुकडीतुकडीने निघत राहिले आणि तुरुंगात जात राहिले. कवयित्री सुभद्राकुमारी चौहान याही त्यात होत्या. अखेर १८ ऑगस्टला मिरवणूक झेंड्यासह सिव्हिल लाइन्समधून गेली. तेव्हाचा झेंडा पांढरा, हिरवा आणि लाल होता, मध्ये चरखा होता. आजचा तिरंगा २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने स्वीकारला. ज्या रस्त्यावरून झेंडा नेला म्हणून माणसं तुरुंगात गेली, त्या रस्त्यावरून आपली पोरं छातीला तिरंगा लावून शाळेत जातात, हे सांगताना आवाज चढवावा लागत नाही.

कार्यक्रमानंतर मुलांना सीताबर्डीच्या किल्ल्यावर न्या. लष्कराच्या ताब्यातला हा किल्ला २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला लोकांसाठी उघडतो. ओळखपत्र जवळ ठेवा आणि लवकर निघा, गर्दी असते.

नंतरचं काम

जुलै २०२२ च्या दुरुस्तीनंतर झेंडा रात्रीही फडकत ठेवता येतो. तरी खांबाजवळ पुरेसा दिवा नसेल तर सूर्यास्ताला उतरवावा, असं आम्ही सुचवतो. उतरवताना खाली दोघं हवेत, कापड जमिनीला टेकता कामा नये. भिजलेला असेल तर सावलीत पूर्ण वाळवून मगच घडी घाला, नाहीतर रंग पांढऱ्या पट्ट्यात उतरतो. घडी अशी: केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा, मग दोन्ही बाजू मध्याकडे अशा घ्यायच्या की वर फक्त चक्र आणि दोन्ही रंगांची कड दिसेल. सुती पिशवीत, कोरड्या कपाटात ठेवा.

त्याच दुपारी दोन मुलांना पिशवी देऊन आवारातले आणि गेटबाहेरचे कागदी झेंडे गोळा करायला सांगा. फाटलेला किंवा विटलेला झेंडा पुन्हा चढवायचा नाही आणि कचऱ्यातही टाकायचा नाही. तो एकांतात, अख्खा, शक्यतो जाळून मानाने निरोप द्यावा. कागदी झेंड्यांचंही तसंच. मग वहीत कप्पी कधी बदलली, दोरी किती मीटर आणली आणि झेंडा कोणत्या मापाचा आहे हे लिहून, कपाटाची किल्ली पुढच्या वर्षीच्या कार्यकारिणीकडे द्या.