कोकणच्या खाऱ्या पाण्यातील मोटरबोटीची निगा

खाऱ्या पाण्यातील बोट चालताना झिजते त्यापेक्षा उभी असताना अधिक बिघडते. मांडवा, मुरूड किंवा मालवणच्या बाजूला हौसेसाठी ठेवलेल्या छोट्या फायबरग्लासच्या बोटी पाहिल्या, तर त्यांची इंजिने मुख्यतः आत साठलेल्या मिठाने आणि टाकीत शिळ्या झालेल्या पेट्रोलने निकामी होतात. म्हणून पुढील सूचना चार-स्ट्रोक पेट्रोल आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून बसवलेले) इंजिन असलेली बोट गृहीत धरून, मीठ आणि पावसाळा या दोन गोष्टींभोवती मांडल्या आहेत.

प्रत्येक फेरीनंतर इंजिन गोड्या पाण्याने आतून धुणे, हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे. आउटबोर्ड इंजिन समुद्राचेच पाणी ओढून थंड राहते. ते बंद केल्यावर आतल्या वाटांत राहिलेले पाणी सुकते, मिठाचे थर धरतात आणि थर्मोस्टॅट (इंजिनाचे तापमान राखणारी झडप) अडकू लागतो. पाणी ओढणाऱ्या जाळ्यांवर रबरी मफ्स (नळाची नळी जोडायच्या वाट्या) बसवावेत, नळाचे पाणी आधी सोडावे आणि मगच गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन मंद गतीवर दहा-पंधरा मिनिटे चालवावे. या वेळी पंख्याजवळ (प्रोपेलरजवळ) कोणीही उभे राहू नये. काही इंजिनांना धुण्यासाठी वेगळे तोंड असते आणि त्यातून पाणी सोडताना इंजिन बंद ठेवायचे असते, त्यामुळे आपल्या इंजिनाची पुस्तिका आधी वाचावी. धुऊन झाल्यावर इंजिन उभेच ठेवून पाणी पूर्ण निथळू द्यावे आणि नंतर तिरपे करावे.

इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची बारीक धार दर वेळी पाहण्याची सवय लावून घ्यावी. धार मंदावली, तर तोंडाशी कचरा अडकला आहे किंवा पाण्याच्या पंपातील रबरी इंपेलर (पाणी ढकलणारे चक्र) झिजला आहे, असे समजून इंजिन लगेच बंद करावे. पाण्याशिवाय काही सेकंद फिरला तरी इंपेलर खराब होऊ शकतो, आणि खाडीच्या गढूळ पाण्यातील रेती त्याला भराभर घासते. दरवर्षी तो तपासावा आणि दोन-तीन वर्षांनी, दिसायला बरा असला तरी, बदलावा.

इंजिन ऑइल, त्याचा फिल्टर आणि गिअर ऑइल सर्वसाधारणपणे १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा, बदलतात. हौशी बोट वर्षात क्वचितच १०० तास चालते, म्हणून येथे वर्षाचा हिशेबच खरा. गिअर ऑइल बदलताना घाई करू नये, कारण बाहेर आलेले तेलच बरेच काही सांगते. ते दुधाळ दिसले तर सीलमधून पाणी शिरले आहे, आणि सील न बदलता नवे तेल भरण्यात अर्थ नाही. नवे तेल खालच्या छिद्रातून पंपाने भरावे. वरच्या छिद्रातून ते बुडबुड्यांविना येऊ लागले की आधी वरचा स्क्रू लावावा, मग खालचा, आणि दोन्हींना नवे वॉशर घालावेत. सील फाटण्याचे आपल्या किनाऱ्यावरचे नेहमीचे कारण म्हणजे पंख्याच्या दांड्याला गुंडाळलेली तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी). त्यासाठी हंगामात अधूनमधून पंखा काढून पाहावा, दांड्याला मरीन ग्रीस लावावे आणि स्प्लिट पिन नवी घालावी.

इंजिनावरचे अ‍ॅनोड हे धातूचे तुकडे स्वतः झिजून बाकीच्या धातूला वाचवतात. ते निम्मे झिजले की बदलावेत आणि त्यांना कधीही रंग लावू नये, कारण रंगवलेला अ‍ॅनोड काम करत नाही. समुद्रासाठी जस्ताचे अ‍ॅनोड चालतात. बोट खाडीच्या वरच्या अंगाला, जेथे पावसात पाणी जवळजवळ गोडे होते, तेथे असेल तर अ‍ॅल्युमिनियमचे अधिक योग्य. मॅग्नेशियमचे अ‍ॅनोड फक्त गोड्या पाण्यासाठी असतात.

आता पावसाळ्याची तयारी. पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंदी १ जूनपासून सुरू होते, त्यामुळे मेच्या अखेरीस होड्या ओढणारी माणसे आणि मेकॅनिक दोघेही कामात गुंतलेले असतात. आपले काम मेच्या सुरुवातीलाच उरकावे. पेट्रोलात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. पाण्याचे प्रमाण वाढले की ते इथेनॉलसह तळाशी वेगळे बसते. हातात उचलता येणारी टाकी म्हणून सरळ रिकामी करावी. इंजिनाला किती इथेनॉल चालते तेही पुस्तिकेत पाहावे, कारण अनेक आउटबोर्डची मर्यादा १० टक्केच असते. पाणी वेगळे करणारा फिल्टर बदलावा, नळी आणि हातपंपाच्या रबराला तडे गेले आहेत का ते तपासावे, आणि सिलिंडरमध्ये साठवणीचे तेल फवारावे. ऑइलही साठवणीपूर्वीच बदलावे, कारण जुन्या तेलातील आम्ल चार महिने आतील भागांना खात बसते.

बोट उधाणाच्या भरतीच्या रेषेच्या बरीच वर ओढावी, नाळेकडची (पुढच्या टोकाची) बाजू थोडी उंच ठेवावी आणि तळाचे बूच काढून ठेवावे, म्हणजे आत पडलेले पाणी वाहून जाईल. आच्छादन घट्ट गुंडाळू नये, आत वारा खेळला पाहिजे. इंजिन उभे ठेवावे. १२ व्होल्टची बॅटरी घरी आणून महिन्यातून एकदा चार्ज करावी; पूर्ण चार्ज झालेली बॅटरी विश्रांतीनंतर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. बूड धुताना कवची जीव लाकडी पट्टीने खरवडावेत, जेलकोटवर (फायबरग्लासच्या बाहेरच्या गुळगुळीत थरावर) तडे किंवा फोड आहेत का ते पाहावे, आणि अँटीफाउलिंग (बुडाला शेवाळ व कवची जीव चिकटू न देणारा) रंग पुन्हा पाण्यात उतरवण्याच्या तोंडावर द्यावा. तांबे मिसळलेला रंग अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनाला लागू देऊ नये.

हंगाम सुरू करताना उंदरांनी तारा कुरतडल्या आहेत का ते पाहावे, बूच घट्ट लावावे, बिल्ज पंपाचा (तळात साठलेले पाणी उपसणाऱ्या पंपाचा) फ्लोट हाताने उचलून पंप चालतो याची खात्री करावी, आणि लाइफ जॅकेटचे पट्टे, अग्निशामक व फ्लेअर (संकटात पेटवायचा इशारा-दिवा) यांवरची मुदत तपासावी. इंजिन आधी किनाऱ्यावर मफ्स लावून चालवावे, आणि पहिली फेरी खाडीच्या आतच, नांगर, दोर व वल्ही बरोबर घेऊन करावी.