स्वस्तातला एचडी कॅमकॉर्डर घेताना या चुका टाळा

खोक्यावर ‘४के’, ‘४८ मेगापिक्सेल’, ‘१८ एक्स झूम’ असं ठळक छापलेलं, कंपनीचं नाव कधी न ऐकलेलं आणि किंमत आठ-दहा हजारांच्या आत. ऑनलाइन असा कॅमकॉर्डर दिसला तर तो सोडून द्या. फुल एचडी चित्राला १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख पिक्सेल लागतात. खऱ्या ४केलाही ८३ लाखच पुरतात. मग ४८ मेगापिक्सेल, म्हणजे ४ कोटी ८० लाख, कशासाठी? तो आकडा फोटो फुगवून काढलेला असतो, व्हिडिओशी त्याचा संबंध नाही. या कॅमेऱ्यांची लेन्स बहुधा एकाच फोकसवर बसवलेली असते. झूमही डिजिटल असतो, म्हणजे चित्राचा मधला भाग कापून मोठा केलेला. ओळखायचं सोपं आहे: माहितीत ‘ऑप्टिकल झूम’ हे शब्द शोधा. कॅमेरा हातात असेल तर झूम करताना समोरून लेन्समध्ये पाहा. आतली काच सरकत नसेल तर झूम नुसता नावाला आहे.

दुसरी चूक खरेदीच्या आधीच होते. नक्की काय शूट करायचंय हे ठरवलेलंच नसतं. बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात कॅमकॉर्डर घेणाऱ्यांचे ढोबळ दोन गट पडतात. एका गटाला नाटक, कडोली-येळ्ळूर-उचगावसारख्या गावांतली साहित्य संमेलनं, शिवजयंतीचे चित्ररथ, गावची जत्रा आणि घरचं बारसं-लग्न टिपायचं असतं. दुसऱ्याला शॉर्ट फिल्म करायची असते. पहिल्या गटासाठी कॅमकॉर्डरच योग्य. तो तासन्‌तास सलग चालतो, झूम मोटरवर सावकाश सरकतो आणि हातात नीट बसतो. बऱ्याच जुन्या डीएसएलआर आणि मिररलेस (दोन्ही लेन्स बदलता येणारे फोटोचे कॅमेरे) कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग २९ मिनिटं ५९ सेकंदांना आपोआप बंद होतं. अडीच तासांच्या नाटकात ते नेमकं चुकीच्या प्रवेशाला थांबणार.

दुसऱ्या गटाने मात्र थोडा विचार करावा. स्वस्त कॅमकॉर्डरचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, फार लहान असतो. १/२.३ इंची सेन्सरपेक्षा एक इंचीचं क्षेत्रफळ साधारण चौपट असतं आणि अगदी स्वस्त मॉडेलात तर १/५.८ इंची सेन्सर येतो. त्यामुळे पाठीमागचं सगळंच स्पष्ट दिसतं, चेहरा पार्श्वभूमीतून उठून येत नाही. तसंच दृश्य हवं असेल तर त्याच पैशात वापरलेला मिररलेस आणि एक चांगली लेन्स घेतलेली बरी. कॅमकॉर्डरवर फिल्म होत नाही असं नाही, पण मग दिवसाउजेडी, मोकळ्यावर आणि आवाजावर मेहनत घेऊन करा.

सगळे पैसे कॅमेऱ्यात घालू नका. जमवलेल्यातले साठ टक्क्यांच्या आसपास कॅमेऱ्याला ठेवा. उरलेल्यात माइक, हेडफोन, ट्रायपॉड, जादा बॅटरी आणि दोन कार्डं बसली पाहिजेत. नव्या कॅमकॉर्डरची मॉडेलं बाजारात आता मोजकीच उरलीत, त्यामुळे दुकानदार ‘हाच शेवटचा पीस आहे’ म्हणून घाई करतो. त्या घाईला बळी पडू नका.

झूम किती लागतो?

हिशेब करून पाहा. ३५ मिमीच्या मापात (लेन्सची तुलना करायचं नेहमीचं माप) चौकटीची रुंदी म्हणजे ३६ गुणिले अंतर भागिले फोकल लांबी. फोकल लांबी म्हणजे लेन्सचा मिमीतला आकडा, तो जितका मोठा तितकं चित्र जवळ येतं. हॉलमध्ये रंगमंचापासून १५ मीटरवर ट्रायपॉड लावला तर ९ मीटर रुंदीचा अख्खा रंगमंच ६० मिमीला मावतो आणि दोन मीटरची चौकट २७० मिमीला मिळते. लेन्स २७ मिमीपासून सुरू होत असेल तर दहापट झूममध्ये काम भागतं. तीसपट, पन्नासपट या आकड्यांना म्हणूनच भुलू नये. उलट रुंद बाजू तपासायला हवी, ती कुणी पाहत नाही. बरेच जुने कॅमकॉर्डर ४० मिमीच्या पुढून सुरू होतात. माजघरात बारशाला तीन मीटर मागे सरकलात तरी त्यात जेमतेम २.७ मीटर मावतात. पाळणा येतो, सगळ्या आत्या-मावश्या येत नाहीत.

झूम केल्यावर उजेडही कमी होतो. सोनीच्या एचडीआर-सीएक्स४०५ची लेन्स रुंद बाजूला एफ १.८ आणि झूमच्या टोकाला एफ ४ असते (एफचा आकडा वाढला की उजेड कमी). म्हणजे पूर्ण झूमवर सेन्सरला सुमारे एकपंचमांश उजेड मिळतो. मागच्या रांगेतून काढलेल्या नाटकात काळ्या पडद्यावर मुंग्या नाचताना दिसतात त्या यामुळेच. ट्रायपॉड चार रांगा पुढे नेलात तर जो फरक पडतो, तो महागड्या कॅमेऱ्यानेही पडणार नाही.

पन्नास हर्ट्झ

परदेशातून कुणी आणलेला किंवा ‘इंपोर्टेड’ म्हणून स्वस्तात मिळणारा कॅमकॉर्डर अनेकदा एनटीएससी या परदेशी व्हिडिओ पद्धतीचा असतो, त्यात बहुधा सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेम, म्हणजे चित्रं, असतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. १/६० शटरला (प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा साठावा भाग उजेड) ही लय जुळत नाही आणि चित्र धडधडतं किंवा पट्टे वर सरकत राहतात. १/५० किंवा १/१०० शटर ठेवलं की बहुतेक वेळा ते थांबतं. म्हणून आपल्याकडच्या पाल पद्धतीचा, २५ आणि ५० फ्रेमचा कॅमेराच घ्या. काही मॉडेलांत मेन्यूतून पद्धत बदलता येते, काहींत ती कायमची बंद असते. पैसे देण्याआधी दुकानातच मेन्यू उघडून खात्री करून घ्या.

शिवजयंतीच्या मिरवणुकीतली अडचण आणखी वेगळी. चित्ररथ जनरेटरवर चालतात आणि जनरेटरची लय ५० वर काटेकोर राहत नाही. १/५० ठेवूनही मंद धडधड दिसली तर कॅमेऱ्यात दोष आहे असं समजू नका. शटर एकेक पायरी हलवा, त्यातल्या त्यात शांत आकडा सापडतो. रात्रीच्या लेझीम-ढोलाला मात्र ‘ऑटो स्लो शटर’ नावाची सोय आधी बंद करा. अंधार पडला की कॅमेरा गुपचूप १/२५ वर उतरतो. चित्र उजळ दिसतं, पण हलणाऱ्या हातांचा नुसता फराटा उरतो.

आवाज

सगळ्यात जास्त शूट इथेच वाया जातात. चित्र थोडं अंधारं असलं तरी लोक बघतात, संवाद ऐकू आला नाही तर दोन मिनिटांत उठतात. म्हणून कॅमकॉर्डर निवडताना पहिला प्रश्न विचारा: ३.५ मिमीचा माइक इनपुट आहे का? आणि दुसरा: हेडफोनचं भोक आहे का? वर सांगितलेल्या सीएक्स४०५ला बाहेरचा माइक लावायची सोयच नाही. घरगुती आठवणींसाठी तो ठीक आहे, नाटकाला नाही. पॅनासॉनिकच्या एचसी-व्ही७८५ला आणि सोनीच्या एफडीआर-एएक्स४३ला दोन्ही सोयी आहेत. सेकंडहँड शोधणार असाल तर ही नावं ध्यानात ठेवा.

माइक लावला तरी आवाज येत नाही किंवा अगदी बारीक येतो, अशी तक्रार नेहमीची. बहुतेकदा तो मोबाइलसाठीचा कॉलर माइक असतो. त्याच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, कॅमेऱ्याला दोन रेघांची पिन लागते. योग्य अडॅप्टर लावला की आवाज येतो.

संमेलनात किंवा कीर्तनाला साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट वायर घेऊन कॅमेऱ्याच्या माइक इनपुटात घातली की आवाज फाटतो. मिक्सरचा सिग्नल लाइन पातळीचा, म्हणजे माइकच्या मानाने कित्येक पट जोरकस असतो. कॅमेऱ्याच्या मेन्यूत ‘लाइन’ असा पर्याय नसेल तर मध्ये पातळी उतरवणारी अटेन्युएटर वायर लावा, नाहीतर लाइन इनपुट असलेला छोटा रेकॉर्डर मिक्सरपाशी ठेवून द्या. नंतर एडिटिंगला जुळवायचं म्हणून सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक खणखणीत टाळी वाजवा. ती मिक्सरच्या माइकलाही ऐकू गेली पाहिजे. आणि मिक्सरच्या वायरवर पूर्ण भरवसा टाकू नका. तिच्यात टाळ्या आणि हशा नसतात, त्यासाठी कॅमेऱ्यावरचा माइकही चालूच ठेवायचा.

आवाजाची पातळी ऑटोवर सोडली तर नट थांबला की कॅमेरा आवाज वाढवत नेतो आणि त्या शांततेत पंख्याची घरघर ऐकू येते. पातळी हाताने लावा, मोठ्यातला मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास पोहोचेल इतपत. राजहंसगडावर किंवा जांबोटीकडच्या माळावर वारा असेल तर माइकला केसाळ कव्हर लागतंच, स्पंजचं पुरत नाही.

रंगमंचावर ऑटो नको

पाठीमागे काळा पडदा आणि समोर स्पॉटमधला नट असला की ऑटो एक्सपोजर (चित्र किती उजळ ठेवायचं ते कॅमेऱ्यानेच ठरवणं) काळोख उजळायला जातो आणि चेहरा पांढराफट्ट होतो. ‘स्पॉटलाइट’ मोड असेल तर तो लावा, नसेल तर एक्सपोजर हाताने दोन-तीन पायऱ्या खाली आणा. फोकस असा बांधायचा: पूर्ण झूम करून नेपथ्यातल्या एखाद्या वस्तूवर स्पष्ट करा, मॅन्युअलवर टाका आणि मग झूम मागे घ्या. नाहीतर प्रत्येक ब्लॅकआऊटला कॅमेरा फोकस शोधत बसतो आणि प्रकाश आल्यावरही दोन सेकंद धूसर राहतो.

मांडवाचा त्रास निराळा आहे. लाल-पिवळ्या कापडातून उजेड गाळून येतो आणि सगळ्यांचे चेहरे कावीळ झाल्यासारखे दिसतात. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं अशी रंगांची जुळणी, बाहेर उन्हात नव्हे, मांडवातच, वक्ता उभा राहतो त्या जागी पांढरा कागद धरून लावा आणि लॉक करा.

कॅमेरा ट्रायपॉडवर असताना स्टेबिलायझर (हाताची थरथर लपवणारी सोय) बंद ठेवा. चालू असेल तर कॅमेरा सावकाश फिरवताना चित्र आधी अडकतं आणि मग घसरतं.

कार्ड आणि बॅटरी

रेकॉर्डिंग ५० एमबीपीएसला (सेकंदाला ५० मेगाबिट) ठेवलं तर तासाला सुमारे २२.५ जीबी लागतात. ६४ जीबीच्या कार्डात पावणेतीन तास बसतात, म्हणजे नाटक काठावर. १०० एमबीपीएसच्या ४केला त्याच्या निम्माच वेळ मिळतो. कार्डावर यू३ किंवा व्ही३० ही खूण पाहा, त्याहून वेगवान कार्डाला पैसे घालण्याची गरज नाही. बाजारात नकली कार्डं भरपूर आहेत. ती ६४ जीबी दाखवतात आणि थोडं भरल्यावर पुढचं सगळं गिळतात. विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ हा मोफत प्रोग्रॅम कार्ड पूर्ण लिहून-वाचून खरं माप सांगतो. ही तपासणी घेतल्या दिवशीच करा. मग कार्ड संगणकात नव्हे, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

सोबत येणारी बॅटरी प्रत्यक्षात तासाभराच्या आसपास टिकते. मोठी एक आणि छोटी एक ठेवा आणि हॉलमध्ये अडॅप्टरची वायर प्लगपर्यंत पोहोचते का ते तिसऱ्या घंटेच्या आधी पाहा.

सेकंडहँड घेताना

टेपवाला एचडीव्ही कॅमेरा फुकट मिळाला तरीच घ्या. एक तासाची टेप संगणकात उतरवायला एक तासच लागतो आणि त्याला लागणारं फायरवायर पोर्ट नव्या लॅपटॉपवर नसतं. हार्ड डिस्कवाले जुने कॅमेरेही टाळा. डीजे आणि ढोलाच्या हादऱ्याने त्यांचं रेकॉर्डिंग मध्येच बंद पडू शकतं.

कार्डवाला घेताना लेन्समध्ये मोबाइलचा टॉर्च तिरका मारा. जाळ्यासारखी नक्षी दिसली तर ती बुरशी आहे, सौदा तिथेच सोडा. लेन्सवर झाकण ठेवून गेन (चित्र कृत्रिमपणे उजळवणारी सेटिंग) वाढवा. पडद्यावर न हलणारे पांढरे-लाल ठिपके म्हणजे बिघडलेले पिक्सेल. पडदा उघडून पूर्ण फिरवा. फिरवताना चित्र जात-येत असेल तर बिजागरीतली पट्टी तुटायला आली आहे. माइक लावून पिन हलकेच हलवा आणि हेडफोनमध्ये खरखर येते का ऐका. शेवटी वीस मिनिटं सलग रेकॉर्डिंग करून पाहा. तापून बंद पडणारा कॅमेरा पाच मिनिटांत पकडला जात नाही.

भंडारा आणि पावसाळा

लक्ष्मी यात्रेत किंवा सौंदत्तीला भंडारा उधळला की हळदीची ती बारीक पूड झूमच्या फटीत जाऊन बसते आणि पुढे झूम अडतो. लेन्सला फिल्टरचे आटे असतील तर साधा यूव्ही फिल्टर बसवा (माप लेन्सच्या कडेवर लिहिलेलं असतं) आणि कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी घालून लेन्सपाशी रबरबँड लावा. पूड पडलीच तर आधी हवेच्या फुग्याने उडवा. ओल्या फडक्याने पुसली तर काचेवर पिवळा राप बसतो.

जूनपासून खानापूर-जांबोटी भागात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे लेन्स कशी वाचेल? कॅमेरा त्याच्या कापडी बॅगेत ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि आठवड्यातून एकदा काढून दहा मिनिटं चालवा. धुक्यातून किंवा एसी हॉलमधून उबदार दमट जागी आल्यावर बॅग अर्धा-पाऊण तास उघडू नका, नाहीतर काचेवर वाफ धरते.

फायली उतरवताना

एव्हीसीएचडीमध्ये (बऱ्याच कॅमकॉर्डरांची फाइल साठवायची पद्धत) लांब रेकॉर्डिंगचे ठरावीक मापाचे तुकडे पडतात. नुसत्या एमटीएस फायली (हेच ते तुकडे) उचलून एडिटिंगला घेतल्या तर जोडावर आवाज क्षणभर तुटतो आणि गाण्यात ते लगेच कळतं. कार्डावरचं ‘प्रायव्हेट’ नावाचं अख्खं फोल्डर जसंच्या तसं कॉपी करा आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरने तुकडे सांधून घ्या. ५०आय मध्ये (यात प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन भागांत टिपलं जातं) शूट केलेलं नेटवर चढवताना डीइंटरलेस करायला, म्हणजे ते भाग एक करायला, विसरलात तर हलणाऱ्या कडांना कंगव्याचे दाते दिसतील. सोबत मोबाइलचं फुटेज जोडणार असाल तर ते आधी ‘हँडब्रेक’ या मोफत प्रोग्रॅममधून स्थिर २५ फ्रेमवर काढा. मोबाइल फ्रेमचा वेग कमी-जास्त करत राहतो, म्हणून अर्ध्या तासानंतर ओठ आणि शब्द जुळत नाहीत. कार्ड पुसायचं ते दोन वेगवेगळ्या डिस्कवर प्रती झाल्यावर आणि दोन्ही प्रती मध्येमध्ये चालवून पाहिल्यावर.